वादळानंतरचं बेट आणि हनिमूनचं तिकीट

मुलगी न्यू जर्सीत नोकरीला, लग्न डिसेंबरात पुण्यात, आणि जानेवारीत हनिमूनला कॅरिबियनमधलं एखादं बेट. तिकिटं काढून झालेली असतात. ऑक्टोबरात टीव्हीवर उडालेली छपरं आणि आडवे पडलेले माड दिसतात आणि आईचा फोन जातो, "अगं, तिकडे वेस्ट इंडिजमध्ये मोठं वादळ झालंय म्हणे. रद्द करा ते. आपलं केरळ काय वाईट आहे?" होणारे जावई वेगळ्याच विचारात असतात. लोकांची घरं गेलेली असताना आपण तिथे जाऊन समुद्रात डुंबायचं, हे शोभतं का?

आईची भीती खरी आहे आणि जावयाचा संकोचही खरा आहे. पण दोघांचेही हिशेब काही चुकीच्या समजुतींवर उभे आहेत. ते तपासून घ्यायला हवेत, कारण रद्द झालेल्या प्रत्येक बुकिंगची झळ तिथल्या कुठल्यातरी स्वयंपाक्याला, नावाड्याला, टॅक्सीवाल्याला बसते. आणि चुकीच्या वेळी गेलेल्या पाहुण्याची झळही त्यांनाच बसते.

"वेस्ट इंडिजमध्ये वादळ झालंय"

वेस्ट इंडिज हे नाव आपल्या घरात क्रिकेटमुळे आलं. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला पदार्पण करून गावसकरांनी त्या मालिकेत ७७४ धावा काढल्या, तेव्हापासून तो एक देश असल्यासारखंच आपण बोलतो. पण संघ एक असला तरी त्यामागे डझनभर देश आणि परदेशी अंमलाखालचे प्रदेश आहेत. शिवाय क्यूबा, पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक ही मोठी नावं त्या संघात नाहीतच. पोर्ट ऑफ स्पेनपासून हवानापर्यंतचं हवाई अंतर अडीच हजार किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या दुपटीपेक्षाही अधिक. गुवाहाटीला पूर आला म्हणून कुणी महाबळेश्वरचं बुकिंग रद्द करत नाही.

चक्रीवादळाचा सर्वांत घातक भाग म्हणजे त्याच्या डोळ्याभोवतीची ढगांची भिंत. ही भिंत बहुधा त्यामानाने अरुंद पट्ट्यात फिरते. त्यातही वादळाच्या दोन बाजू सारख्या नसतात. उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने सरकतं, तिच्या उजव्या हाताला वाऱ्याचा वेग जास्त असतो, कारण तिथे फिरण्याच्या वेगात पुढे सरकण्याचा वेग मिळवला जातो. कॅरिबियनमध्ये वादळं बहुतेक पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात, म्हणून डोळ्याच्या उत्तरेला पडलेलं बेट जास्त सोसतं आणि दक्षिणेचं त्यामानाने कमी.

६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा वादळाचा डोळा थेट बार्बुडावरून गेला. वारा ताशी सुमारे २९५ किलोमीटरचा होता. जेमतेम दीड-दोन हजार वस्तीच्या त्या बेटावर धड घर क्वचितच उरलं. दुसरं वादळ येऊ घातलं होतं म्हणून सगळ्या माणसांना होड्यांनी हलवावं लागलं. हलवलं ते अँटिग्वाला, म्हणजे दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर, त्याच देशाच्या दुसऱ्या बेटावर. अँटिग्वाचं नुकसान इतकं थोडं होतं की ते शेजाऱ्यांना आसरा देऊ शकलं. पण देशाचं नावच 'अँटिग्वा आणि बार्बुडा'. दुरून बातमी पाहणाऱ्याला दोन्ही बेटं एकदमच बुडालेली दिसली.

एका बेटाच्या आतही असंच घडतं. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा वादळ जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पाचव्या श्रेणीच्या ताकदीने आदळलं. ब्लॅक रिव्हर हे जुनं गाव मोडून पडलं. पूर्वेकडच्या किंग्स्टन शहराचं नुकसान त्यामानाने पुष्कळ कमी होतं. म्हणून नकाशा उघडायचा, डोळा कुठून गेला ती रेघ पाहायची आणि आपलं हॉटेल तिच्या कुठल्या बाजूला आणि किती दूर आहे ते मोजायचं. आईला पाठवायला याहून चांगलं उत्तर नाही.

"खालच्या बेटांवर वादळ येतच नाही"

प्रवास कंपन्यांच्या माहितीपत्रकांत 'हरिकेन पट्ट्याबाहेरची बेटं' असा शब्दप्रयोग हमखास असतो. विषुववृत्ताकडे सरकावं तसा धोका घटतो हे खरं आहे. अरुबा, बोनेअर, क्युरासाओ, ट्रिनिडाद इथे मोठा तडाखा दुर्मीळ आहे. पण दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे, हे ग्रेनाडाने भोगलं आहे. १९५५ च्या जॅनेट वादळानंतर तिथे जवळजवळ अर्धशतक मोठं वादळ आलं नव्हतं. ७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन आलं आणि दहांपैकी सुमारे नऊ घरांचं नुकसान करून गेलं. पुढे १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने त्याच देशातलं कॅरियाकू हे छोटं बेट जवळपास पूर्ण मोडलं.

हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि ऐन भर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. एक वादळ येऊन गेलं की त्या वर्षापुरती सुटका झाली, ही समजूतही तशीच पोकळ आहे. २०१७ मध्ये इर्मानंतर दोनच आठवड्यांनी मारिया आलं. इर्मातून वाचलेल्या पोर्तो रिकोतून शेजारच्या बेटांना मदत जात होती, आणि २० सप्टेंबरला ते स्वतःच कोसळलं.

"वादळ गेलं, आता धोका संपला"

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा गैरसमज हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

मारिया पोर्तो रिकोवर आलं तेव्हा वारा ताशी सुमारे २५० किलोमीटरचा होता. संपूर्ण बेटाची वीज गेली. तीस लाखांहून जास्त माणसं एकदम अंधारात गेली आणि शेवटच्या घरांपर्यंत वीज पोचायला जवळजवळ अकरा महिने लागले. सुरुवातीला मृतांचा सरकारी आकडा होता ६४. पुढे तिथल्याच सरकारने जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाकडून अभ्यास करवून घेतला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये आकडा बदलला: २,९७५.

ही हजारो माणसं पत्रा लागून किंवा झाड पडून गेलेली नव्हती. ती नंतरच्या महिन्यांत गेली. ऑक्सिजनच्या यंत्राला वीज नव्हती. इन्सुलिन ठेवायला फ्रिज नव्हता. डायलिसिसला जायचा रस्ता दरड कोसळून बंद झाला होता. मृत्यूचं प्रमाण अधिक होतं ते म्हाताऱ्यांत आणि गरीब वस्त्यांत.

हा आकडा समोर ठेवला की जावयाच्या प्रश्नाला नेमकं रूप येतं. पहिल्या काही आठवड्यांत तिथे डिझेल, पिण्याचं पाणी, दवाखान्यातली खाट आणि विमानातली जागा या चारही गोष्टी मोजक्या असतात. हॉटेलच्या खोल्यांत वीजकामगार, डॉक्टर आणि मदतकर्मी राहत असतात. अशा वेळी आलेला पाहुणा, तो कितीही सभ्य असो, कुणाच्या तरी वाटचं वापरतो. त्या काळात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तब्येतीचाही प्रश्न आहे. साचलेल्या पाण्यातून लेप्टो पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतरची मुंबई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. मारियानंतर नळ कोरडे पडले, लोक ओढ्याचं पाणी वापरू लागले आणि पोर्तो रिकोतही लेप्टोचे रुग्ण वाढले. त्यामुळे चार-सहा महिन्यांनी गेलात तरी चिखलातून अनवाणी चालू नये, आणि मोठ्या पावसानंतर ओढ्याच्या मुखाशी पोहू नये.

"हॉटेल सुरू झालं म्हणजे बेट सावरलं"

सावरण्याची गती सगळीकडे एक नसते. पोर्तो रिकोच्या पूर्वेला व्हिएकेस नावाचं छोटं बेट आहे. तिथली मॉस्किटो बे ही खाडी रात्री हात फिरवला की निळी उजळते. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा तो प्रकाश जगात सर्वांत तेजस्वी मानला जातो. मारियानंतर खाडी काळोखी झाली. काही महिन्यांनी उजेड परतला आणि पाठोपाठ पर्यटकही. पण त्याच बेटावरचं एकमेव रुग्णालय वादळात निकामी झालं, ते कित्येक वर्षं उभं राहिलं नाही. डायलिसिसच्या रुग्णांना दर खेपेला विमानाने मुख्य बेटावर जावं लागे. वल्ही मारत त्या निळ्या पाण्यातून फिरणाऱ्या जोडप्याला यातलं काहीच दिसत नाही, आणि ते दिसावं अशी सोयही कुणी केलेली नसते.

उलटही होतं. सेंट मार्टिनच्या विमानतळाची इमारत इर्माने फोडली, पण ऑक्टोबर २०१७ मध्ये धावपट्टी प्रवाशांसाठी खुली झाली आणि तंबूंमधून ये-जा सुरू राहिली. इमारतीचं काम पुरं व्हायला २०२४ उजाडलं. तिथे तंबू दिसला म्हणून परत फिरणाऱ्याने लोकांचं भलं केलं नसतं. त्यांना तेव्हा पाहुणे हवेच होते.

निसर्गाचंही असंच दुहेरी आहे. मारियाने पोर्तो रिकोतलं एल युंकेचं पर्जन्यवन पार खरवडलं, डोंगर तपकिरी दिसू लागले, आणि थोड्याच महिन्यांत फांद्यांना पालवी फुटली. हनिमूनच्या फोटोंपुरतं रान हिरवं होतं. पण ज्या झाडांवर घर चालतं ती लवकर येत नाहीत. ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे. आयव्हनआधी जायफळाच्या उत्पादनात इंडोनेशियाच्या खालोखाल त्या चिमुकल्या देशाचा नंबर होता. आयव्हनने बागा झोपवल्या, आणि जायफळाचं नवं झाड धरायला सात-आठ वर्षं सहज जातात. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाडीवाल्यांना हे लगेच कळेल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने त्यांच्या रोठा सुपारीच्या वाड्या अशाच आडव्या केल्या होत्या. झाड मोठं होईपर्यंतच्या रिकाम्या वर्षांत घर कशावर चालतं? ग्रेनाडात काय नि दिवेआगरला काय, बऱ्याच घरांत ते पाहुण्यांवर चालतं.

"तिथे आता लुटालूट असेल"

टीव्हीवर फुटलेल्या दुकानाचं एक दृश्य दिवसभर फिरतं, म्हणून ही भीती पसरते. पोर्तो रिकोत त्या दिवसांत मोठ्या प्रमाणावर दिसलं ते वेगळंच. शेफ होजे आंद्रेस यांच्यासोबत स्थानिक स्वयंपाकी आणि स्वयंसेवक उभे राहिले आणि पुढच्या काही महिन्यांत तीस लाखांहून जास्त जेवणं रांधून वाटली गेली. डोंगरातल्या वाड्यांचे रस्ते शेजाऱ्यांनीच करवती-कोयत्यांनी मोकळे केले.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ कायो सांतियागो नावाचं बेट आहे. १९३८ मध्ये भारतातून सुमारे चारशे लाल तोंडाची माकडं अभ्यासासाठी तिथे नेऊन सोडली, आणि आज त्यांचे वंशज तिथे राहतात. मारियाने बेटावरची बरीचशी झाडी नेली. सावली दुर्मीळ झाली, तेव्हा ही माकडं एकमेकांवर तुटून पडतील असंच कुणालाही वाटलं असतं. पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळलं ते असं की वादळानंतर ती एकमेकांना जास्त सहन करू लागली, उरलेल्या सावलीत दाटीने बसू लागली आणि त्यांनी नवी सोबत जोडली.

"विमा आहे ना"

विम्याची तारीख पाहा. वादळाला नाव मिळालं की बहुतेक विमा कंपन्या ते 'माहीत असलेलं संकट' धरतात. त्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाची भरपाई मिळत नाही. तिकिटासोबतच विमा काढावा, बातमी पाहून काढू नये. शिवाय 'हॉटेल राहण्याजोगं नसेल तर' आणि 'मला जावंसं वाटत नसेल तर' ही दोन वेगळी कलमं असतात, आणि दुसरं फुकट मिळत नाही.

मग जायचं की नाही?

बुकिंग रद्द करून ते पैसे देणगी द्यावेत, असं काहींना वाटतं. देणगी जरूर द्यावी. पण देणगीने टॅक्सीवाल्याचा हप्ता भरला जात नाही, आणि हॉटेल रिकामं राहिलं तर खोल्या झाडणारीला कामावर परत बोलावत नाहीत. आलेला पैसा कुठे जातो हेही पाहावं लागतं. सगळं एकाच भिंतीआड मिळणाऱ्या मोठ्या रिसॉर्टमध्ये राहिलात, तर पैशाचा मोठा भाग परदेशी मालकाकडे आणि बाहेरून आणलेल्या अन्नाकडे परत जातो. चार दिवस घरगुती गेस्टहाउसमध्ये काढले, मासळी किनाऱ्यावरच्या खानावळीत खाल्ली, होडी गावातल्याची घेतली, तर तो तिथेच राहतो.

निर्णय घेण्याआधी मी तरी गेस्टहाउसच्या मालकिणीला थेट फोन लावेन. वीज तारेची आहे की जनरेटरची? नळाला पाणी आहे का? दवाखाना चालू आहे का? तुमच्याकडे काम करणाऱ्यांच्या घरांवर छप्पर आलं का? आणि शेवटी: आम्ही आत्ता आलो तर तुम्हाला बरं पडेल, की दोन महिन्यांनी? खरं उत्तर बहुधा मिळतं. ती "मार्चमध्ये या" म्हणाली, तर तारीख बदलून घ्यायची.

आणि गेल्यावर, निळ्या ताडपत्रीखालच्या घराचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही. ग्रेनाडाला गेलात तर बाजारात बसलेल्या बाईकडून मूठभर जायफळं घ्यायची, भाव न करता. पुढच्या पाडव्याला श्रीखंडात किसायला होतील.