माळव्याचं ऊन आणि बेंद्रे यांचे ठिपके

ग्वाल्हेर म्हटलं की मराठी माणसाला ख्याल आठवतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तिथली गायकी महाराष्ट्रात आणली, हे आपण अभिमानानं सांगतो. शिंदे-होळकरांच्या त्याच मुलखानं आपल्याला एक मोठा निसर्गचित्रकार दिला, ही गोष्ट मात्र क्वचितच निघते. १९४८मध्ये शिंद्यांचं ग्वाल्हेर आणि होळकरांचं इंदूर ही दोन्ही संस्थानं मध्य भारत राज्यात एकत्र आली. ग्वाल्हेर हिवाळी राजधानी झाली आणि इंदूर उन्हाळी. गाण्यात ग्वाल्हेरचं जे स्थान, ते निसर्गचित्रणात इंदूरला द्यायला हवं.

इंदूरची चित्रशाळा १९२७मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी उभी केली. मकबूल फिदा हुसेन आणि नारायण श्रीधर बेंद्रे हे दोघे त्यांचेच विद्यार्थी. बेंद्रे १९१०मध्ये इंदुरात जन्मले. तरुणपणी काश्मीरमध्ये त्यांनी भरपूर निसर्गचित्रं केली, १९४७-४८मध्ये अमेरिका पाहिली, १९५०पासून बडोद्यात शिकवलं. १९५५च्या ‘सूर्यफुलं’ या चित्रात ते घनवादाशी झुंजताना दिसतात. उत्तरायुष्यात त्यांनी बिंदुवाद जवळ केला आणि गावाकडच्या स्त्रिया, गुरं, पक्षी, झाडं ठिपक्यांतून रंगवली.

या पद्धतीचं मूळ पॅरिसमधल्या एका तक्रारीत आहे. गोबेलँ विणकामशाळेतला काळा रंग फिका दिसतो, असं लोक म्हणू लागले. तिथल्या रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनतज्ज्ञानं शोध घेतला, तेव्हा खोट रंगात नव्हतीच; शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा उतरलेला भासत होता. १८३९मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. त्याच विचारावर जॉर्ज सरा या चित्रकारानं १८८४ ते १८८६ या काळात ‘ग्रांद जात’ बेटावरची रविवारची दुपार ठिपक्यांनी रंगवली. निळ्याशेजारी नारिंगी ठेवला की दोन्ही उजळतात. रंगपाटीवर कालवले तर ते मळतात.

बेंद्रे यांनी ही युक्ती घेतली, पण तिचा हिशेबीपणा घेतला नाही. सराच्या चित्रातली माणसं पुतळ्यांसारखी थिजलेली आहेत. बेंद्रे यांच्या चित्रात बाई, गाय आणि झाड एकाच कणाकणाच्या उजेडानं भरलेली असतात. आकाराची कड मात्र ते सुटू देत नाहीत. ठिपके कितीही दाट असले तरी कमरेचा बाक आणि फांदीचं वळण स्पष्ट उमटतं. उघड्यावर बसून केलेल्या असंख्य निसर्गचित्रांनी कमावलेली रेषा तिथे कामी येते. म्हणूनच परक्या देशातलं तंत्र त्यांच्या हाती उसनं वाटत नाही.

ही चित्रं छापील पानावर अर्धीच कळतात, कारण छपाईचे स्वतःचे बारीक ठिपके मूळ ठिपक्यांवर चढतात. मूळ चित्रासमोर आधी जवळ जावं, मग चार पावलं मागं सरावं. जवळून सुटे दिसणारे रंग तेवढ्या अंतरावर एकमेकांत मिसळतात. बुवांची गायकी जशी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकायला शिकलो, तसे बेंद्रे पाहायलाही शिकलं पाहिजे.