तीन बोटांचा हिशेब

भोसरीतल्या एखाद्या गाळ्यात पॉवर प्रेसखाली पत्रा सरकवताना हात आत राहतो आणि तीन बोटं जातात. शेठ वाईटच असतो असं नाही. तोच जखमीला रिक्षात घालून दवाखान्यात नेतो, बिल भरतो. चौथ्या दिवशी मात्र दीड लाख रुपये आणि स्टॅम्प पेपर घेऊन येतो. ‘यापुढे माझी कसलीही तक्रार नाही,’ असं त्यावर टाइप केलेलं असतं. घरभाडं थकलेलं, मुलांची फी तोंडावर आलेली. सही होते.

दीड लाख योग्य की अयोग्य, हे त्या खाटेजवळ कुणालाच ठाऊक नसतं. खरं तर ही रक्कम घासाघीस करून ठरवायची नाहीच. तिचं गणित कायद्यात लिहिलेलं आहे.

समजा, कामगाराचं वय 30, पगार 15,000, अपघात 2024 मधला. गाळ्यात सहाच माणसं, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू नाही. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यानुसार कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी पगाराचे 60 टक्के, म्हणजे 9,000 रुपये, वयाच्या गुणकाने गुणायचे. तिसाव्या वर्षी हा गुणक 207.98. उत्तर येतं 18,71,820. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली, असं कायद्याचा तक्ता धरतो. म्हणजे 5,61,546 रुपये. पगार 25,000 असता तरी हिशेबात 15,000च धरले असते. 2020 पासूनची ही मर्यादा मला फार तोकडी वाटते.

दवाखान्याचा खर्च या रकमेतून वळता करता येत नाही. तो मालकाने वेगळा सोसायचा. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज लागतं, इथे सुमारे 67,000 रुपये. उशिराला सबळ कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो.

पण तक्ता शरीर मोजतो, धंदा मोजत नाही. ओडिशातल्या जेपूरला चित्रपटगृहाच्या कामावर एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. हे अपंगत्व अंशतः आहे, असं मालकाचं म्हणणं. डिसेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा या माणसाचं अपंगत्व पूर्णच, असा तो निकाल. म्हणून तडजोडीला बसताना विचारायचं ते हे : उरलेल्या हाताने हा माणूस आपलं नेहमीचं काम करू शकतो का? डॉक्टरांच्या दाखल्यातही नुसती अपंगत्वाची टक्केवारी नको, कमाईची क्षमता किती घटली ते हवं.

मग तो स्टॅम्प पेपर? हक्क सोडून देणारा करार या कायद्यापुढे रद्दबातल आहे. तडजोड करता येते, पण तिची नोंद भरपाई आयुक्तांकडे व्हावी लागते. रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव दिसला तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. मालकाने करार पाठवलाच नाही तर पूर्ण भरपाईची जबाबदारी त्याच्यावर राहते आणि आधी दिलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त, आयुक्तांनी वेगळा आदेश दिल्याशिवाय, त्याला वजा करता येत नाहीत. मृत्यू झाला असेल तर भरपाई वारसांच्या हाती परस्पर द्यायचीच नसते, ती आयुक्तांकडे जमा करायची.

ईएसआय असेल तर हा दावा चालत नाही. तिथे कायमच्या अपंगत्वाला दरमहा लाभ मिळतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली तरी भरपाईचं मूळ सूत्र तेच आहे.

दाव्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. तुमच्या ओळखीत कुणी असा स्टॅम्प पेपर घेऊन बसला असेल तर पगाराची चिठ्ठी, वयाचा दाखला आणि डॉक्टरांचा कागद घेऊन त्याला आधी वकिलाकडे किंवा युनियनकडे न्या. सही त्यानंतर.