विजेच्या गाडीचा हिशेब – लेखांक ५ : बॅटरीचा विमा खरोखर उतरला आहे का?

शोरूममध्ये गाडीचा रंग ठरतो, बॅटरी लहान घ्यायची की मोठी ते ठरते, कर्जाचा हप्ता बसतो आणि मग विम्याचा आकडा पुढे येतो. ऑन-रोड किमतीत तो आधीच मिसळलेला असल्यामुळे त्याच्याकडे फारसे कोणी थांबून पाहत नाही. पेट्रोलच्या गाडीत हे बऱ्याच अंशी निभावून जाते, विजेच्या गाडीत निभत नाही. या गाडीच्या किमतीचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त एकट्या बॅटरीत असतो आणि ती बॅटरी गाडीच्या तळाशी, रस्त्यापासून वीतभर अंतरावर बसवलेली असते. गेल्या आठवड्यात घरच्या चार्जिंगचा खर्च मांडला होता. या वेळी कोटेशने तुलनेला घेताना काय पाहायचे ते पाहू. माझे म्हणणे एकच आहे. तुलना प्रीमियमपासून सुरू करू नका, बॅटरीपासून करा.

आधी जिथे तुलना करण्यासारखे काही नाही तो भाग बाजूला काढू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत विजेच्या गाड्यांना १५ टक्के सवलत दिली गेली. त्यानुसार नव्या खासगी विजेच्या मोटारीचा तीन वर्षांचा हप्ता मोटरची ताकद ३० किलोवॉटपर्यंत असेल तर ५,५४३ रुपये, ३० ते ६५ किलोवॉटला ९,०४४ आणि त्यापुढे २०,९०७ रुपये, शिवाय त्यावर जीएसटी. पुढे अधिसूचना बदलली की आकडे बदलतील, पण सगळ्या कंपन्यांना ते सारखेच असतील. त्यामुळे ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे’ असे कोणी म्हणाले तर तिथे थांबण्याचे कारण नाही.

इथे अनेकांचा एक गोंधळ होतो. हा टप्पा मोटरच्या किलोवॉटवर ठरतो, बॅटरीच्या किलोवॉट-तासांवर नाही. टियागो ईव्हीच्या मोठ्या बॅटरीचा आकडा २४ आहे म्हणून ती सर्वांत खालच्या टप्प्यात बसेल असे वाटते, पण तिची मोटर ५५ किलोवॉटची आहे, म्हणजे टप्पा मधला. ४५ किलोवॉट-तास बॅटरीची नेक्सॉन ईव्ही किंवा ३८ ची विंडसर याही मोटरच्या ताकदीमुळे सरळ वरच्या टप्प्यात जातात. कोटेशनवर हा टप्पा बरोबर पडला आहे का, एवढे पाहून पुढे जावे.

आता खरा विषय, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. शोरूमच्या भाषेत ओन डॅमेज, ओडी. नव्या गाडीला हा एक वर्षाचा मिळतो, त्याचा दर प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते आणि फरक असतो तो इथेच.

आपल्याकडच्या मोटार विम्याचा मूळ मजकूर २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधून आलेला आहे. दर नंतर मोकळे झाले, मजकूर मात्र कंपन्यांनी बराचसा तोच ठेवला. त्यात सुटे भाग बदलताना किती घसारा कापायचा याचे कोष्टक आहे. काचेला घसारा नाही. धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे, पहिल्या सहा महिन्यांत शून्य आणि पुढे वाढत जाणारा. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, एअरबॅग आणि बॅटरी यांना सरसकट ५० टक्के, गाडी काल घेतलेली असली तरीही. हे लिहिले गेले तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालची बारा व्होल्टची, चार-पाच हजारांची वस्तू होती. तिचे निम्मे पैसे खिशातून गेले तरी कोणी रडत नसे. आज त्याच शब्दाखाली सहा लाखांची वस्तू येऊ शकते.

समजा, तुमच्या गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, १४ लाख आहे. घाटात दगडावरून गाडी गेली, तळाला मार बसला आणि वर्कशॉपने सहा लाखांचा पॅक बदलावा लागेल असे सांगितले. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत कोष्टक जसेच्या तसे लावले तर तीन लाख तुमचे. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द वाचून निश्चिंत झालेल्या माणसाला हा धक्का फार मोठा असतो. म्हणून झीरो डेप्रिसिएशन, म्हणजेच झीरो डेप, ही जोड पेट्रोलच्या गाडीत सोय असली तरी विजेच्या गाडीत ती गरज आहे. ती घेतल्यावरही काम संपत नाही. त्या कलमाचा मजकूर मागवून वाचा. सगळ्या भागांचा घसारा माफ आहे, की मुख्य बॅटरी वगळली आहे? वर्षाला किती दावे चालतात? तोच पॅक दुरुस्त होऊ शकत असेल तर कंपनी दुरुस्तीचाच आग्रह धरते का, आणि तसे झाल्यास उत्पादकाची वॉरंटी टिकते का? हा शेवटचा प्रश्न विक्रेत्याला आणि उत्पादकाच्या वर्कशॉपला, दोघांनाही विचारायला हवा. दावा अडतो तो बहुधा याच दोघांच्या मधे.

वॉरंटीचा विषय निघालाच आहे. टाटा, महिंद्रा आणि एमजी या तिन्ही कंपन्यांनी काही मॉडेलांच्या पहिल्या मालकांना बॅटरीची आयुष्यभराची वॉरंटी जाहीर केली आहे. मग बॅटरीचा विमा कशाला, असे वाचक विचारतात. वॉरंटी बनावटीतला दोष आणि ठरावीक मर्यादेपलीकडे घटलेली क्षमता पाहते. अपघाताचा मार आणि पुराचे पाणी तिच्या कक्षेत येत नाही. विमा नेमके उलटे करतो. अपघात, पूर, आग, चोरी हे त्याचे काम, आणि बॅटरीची हळूहळू होणारी झीज किंवा आपोआप बंद पडलेला कंट्रोलर याचे पैसे तो देत नाही. दोन्ही कागद असले तरच बॅटरी दोन्ही बाजूंनी झाकली जाते.

आगीबद्दल बातम्या पाहून घाबरलेल्यांसाठी एक दिलासा आहे. मूळ पॉलिसीतच आग, स्फोट आणि गाडीने स्वतःहून पेट घेणे या तिन्ही गोष्टी धरलेल्या असतात. आगीसाठी वेगळी जोड कोणी विकत असेल तर ती आधीच तुमच्याकडे आहे का ते तपासा.

पाण्याचे मात्र तसे सरळ नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळुणात, जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या एकता नगरीत उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पुराने झालेले थेट नुकसान मूळ पॉलिसीत येते. पण त्याच पॉलिसीत ‘परिणामी नुकसान’ आणि ‘यांत्रिक व विद्युत बिघाड’ वगळलेले असतात. पाणी ओसरल्यावर मालकाने गाडी सुरू केली किंवा चार्जिंगला लावली आणि त्यानंतर शॉर्टसर्किट झाले, तर सर्व्हेअर याच शब्दांवर बोट ठेवू शकतो. पेट्रोलच्या गाडीसाठी इंजिन प्रोटेक्ट नावाची जोड यासाठीच आली होती. विजेच्या गाडीत इंजिन नाही, तरी काही पॅकेजांत ती तशीच चिकटवलेली दिसते. तिच्याऐवजी बॅटरी आणि मोटरचे कवच मागा, प्रत्येक कंपनी त्याला वेगळे नाव देते. नावापेक्षा त्यातल्या तीन गोष्टी शोधा: आत शिरलेले पाणी, शॉर्टसर्किट आणि चार्जिंग करताना विजेचा दाब अचानक वाढल्याने झालेले नुकसान. तिसरी गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे, वळवाच्या पावसात दाब कसा वर-खाली होतो हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. घरी बसवलेला चार्जर आणि गाडीसोबतची केबल यात धरली आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

गाडी पाण्यात अडकली तर ती सुरू करू नका आणि दोरी बांधून ओढूही नका. चाके जमिनीवर ठेवून ओढली की मोटर फिरते, आणि त्यातून नवे नुकसान होऊ शकते. सपाट ट्रकवर चढवूनच ती न्यावी लागते. म्हणून रस्त्यावरची मदत ही जोड घेताना असा ट्रक मिळेल का, किती किलोमीटरपर्यंत, आणि चार्ज संपून थांबलेली गाडी त्यात बसते का, हे पाहावे. गाव लांब असेल तर याला वजन जास्त द्या.

आता आयडीव्ही. प्रीमियम कमी दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आयडीव्ही खाली आणणे, आणि ऑनलाइन तुलनेत वर येणारे स्वस्त कोटेशन पुष्कळदा असेच तयार झालेले असते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. वरच्याच उदाहरणात १४ लाखांवर ही रेषा साडेदहा लाखांची आहे. आयडीव्ही ११ लाखांवर आणली की रेषा सव्वाआठ लाखांवर येते. सहा लाखांचा पॅक, जोडीला बंपर, चेसिसचे काम आणि मजुरी मिळून अडीच लाख, की रेषा ओलांडली. चांगली दुरुस्त होऊ शकणारी गाडी जाते आणि हातात ११ लाख येतात. पेट्रोलच्या गाडीत एका भागाने हा तोल असा ढळत नाही. नव्या गाडीची आयडीव्ही साधारण शोरूम किमतीच्या ९५ टक्के असायला हवी. सगळ्या कोटेशनांत ती समान करून घ्या, मगच प्रीमियमकडे पाहा. समान न करता केलेली तुलना निरुपयोगी आहे.

रिटर्न टू इन्व्हॉइस ही जोड टोटल लॉस किंवा चोरी झाल्यास बिलाची रक्कम देते. अनेक ठिकाणी रस्ता करही देते. पेट्रोलच्या १५ लाखांच्या गाडीवर महाराष्ट्रात १२ टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये कर बसतो, त्यामुळे तिथे ही जोड मोलाची. विजेच्या गाडीला मात्र राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार हा कर माफ आहे. परत मिळवण्यासारखा करच नाही. पहिल्या वर्षी आयडीव्ही आणि बिल यांतला फरकही पाचेक टक्केच असतो. दुसऱ्या वर्षी तो २० टक्क्यांवर जातो. माझ्या मते इथल्या विजेच्या गाडीला ही जोड पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अधिक कामाची आहे. पहिल्या वर्षी सोडली तर नूतनीकरणाच्या वेळी मिळेल का, एवढे मात्र लेखी विचारून ठेवा.

जुनी गाडी विकून विजेची घेणाऱ्यांनी सर्वांत मोठी बचत कुठे आहे ते ओळखावे. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षे दावा केला नसेल तर ओडीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट नव्या गाडीला लावता येते. त्यासाठी जुनी गाडी विकल्यावर जुन्या कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे लागते, ते तीन वर्षे चालते. शोरूममध्ये हे आपणहून सांगितले जाईलच असे नाही. मालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचेही तसेच. १५ लाखांचे कवच सक्तीचे आहे, पण तुमच्याकडे तेवढा अपघात विमा आधीच असेल तर पुन्हा घ्यावा लागत नाही.

डीलरकडूनच विमा घ्यावा लागतो का? नाही. विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डीलर ग्राहकाला कुठल्याही एका कंपनीची सक्ती करू शकत नाही. तरीही डीलरचे कोटेशन नुसते महाग म्हणून फेकून देऊ नका. उच्च दाबाचा पॅक उघडण्याची परवानगी आणि साधने फार थोड्या वर्कशॉपकडे असतात, आणि तुमच्या जिल्ह्यातल्या त्या वर्कशॉपशी ज्या कंपनीची कॅशलेस व्यवस्था आहे तिला माझ्या दृष्टीने दोन-तीन हजार रुपये जास्त द्यायला हरकत नाही. पुण्या-मुंबईत हा प्रश्न कमी येईल, पण नंदुरबार किंवा गडचिरोलीत निर्णय यावरच करावा.

बॅटरी भाड्याने घेऊन गाडी कमी किमतीत देणारी योजना निवडली असेल तर आणखी एक प्रश्न येतो. आयडीव्हीमध्ये बॅटरीची किंमत धरली आहे की फक्त गाडीची? बॅटरी दुसऱ्याच्या मालकीची असेल तर दाव्याचे पैसे कोणाला मिळणार आणि नुकसान झाल्यास तुमच्यावर काय येणार? भाडेकरार आणि पॉलिसी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय सही करू नका.

या सगळ्या प्रश्नांची उत्तरे फोनवर घेऊ नका, ई-मेलवर मागा आणि पॉलिसीसोबत जपून ठेवा. पुढे दाव्यावरून वाद झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांवर तो निवाडा देऊ शकतो, आणि त्यासाठी ना शुल्क लागते ना वकील.