‘गुडबाय साउथ, गुडबाय’ : संथ गतीचा अर्थ

गुन्हेगारी कथेकडून रसिकाच्या दोन अपेक्षा असतात. घटनेने घटनेला पुढे रेटावे, आणि अखेरीस न्यायाने वा नियतीने आपला निकाल द्यावा. तैवानी दिग्दर्शक होउ शाओ-शिएन यांचा १९९६ सालचा ‘गुडबाय साउथ, गुडबाय’ हा चित्रपट ह्या दोन्ही अपेक्षा अपुऱ्या ठेवतो. आणि ‘ह्यात काही घडतच नाही’ असा आक्षेप ओढवून घेतो. वस्तुतः ह्यात जुगाराचा अड्डा आहे, डुकरांच्या सौद्यातील लबाडी आहे, कर्ज आहे, आत्महत्येचा प्रयत्न आहे, मारहाण आहे, अपघातही आहे. इतके घडूनही काहीच घडले नाही असे का वाटावे, ह्या प्रश्नातच ह्या कृतीचे मर्म दडलेले आहे.

कथेच्या केंद्रस्थानी असलेला गाओ (जॅक काओ) तारुण्य ओसरू लागलेला एक किरकोळ उचापतखोर आहे. त्याला शांघायला जाऊन धंदा थाटायचा आहे. त्याच्याबरोबर ‘चपट्या डोक्याचा’ असे टोपणनाव पडलेला तापट साथीदार असतो, आणि त्या साथीदाराची मैत्रीण असते; तिचे नाव एका पीळदार तळलेल्या खाऊवरून पडले आहे. गाओची प्रेयसी यिंग त्याच्या बेतांना विटली आहे. एक बेत फसतो, दुसरा सुरू होतो. भांडवल मात्र कधीच जमत नाही. दारूच्या अमलात गाओ एकदा हमसून रडतो. आपल्या आयुष्याचा हिशेब त्याला कळून चुकलेला आहे.

पटकथा चू तिएन-वेन ह्या कथालेखिकेची आहे. तरीही चित्रपटाची मांडणी कादंबरीच्या प्रकरणांसारखी नाही. कॅमेरा दूर उभा राहतो आणि प्रसंग सहसा न तोडता पाहतो. जेवण, दूरध्वनी, पानांचा डाव, अंगणातील पेंग ह्यांना तो जितका वेळ देतो, तितकाच भांडणालाही देतो. ह्या समान वाटपाने गुन्ह्याची झळाळी उतरते. ठकबाजीचा बहुतेक काळ वाट पाहण्यात जातो, हे सत्य वेगवान चित्रपटाला सांगता येत नाही. कारण वाट पाहणे तो कापून टाकतो. येथे प्रेक्षकालाही वाट पाहावी लागते, आणि त्या कंटाळ्यातूनच त्याला ह्या माणसांविषयी आपुलकी वाटू लागते. त्यांचे समर्थन त्याला करावे लागत नाही, आणि धिक्कारही करवत नाही.

ह्या जगाला एक निश्चित काळ आहे. १९४९ पासून चालत आलेला लष्करी कायदा तैवानमध्ये १९८७ साली उठला, आणि १९९६ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षाची पहिली थेट निवडणूक झाली. दरम्यान मुख्यभूमीशी येणेजाणे खुले झाले, पैसा वाढला, जमिनींचे भाव चढले. चित्रपटात निवडणुकीची घोषणा ऐकू येत नाही. पण लोकप्रतिनिधी, पोलीस आणि गुंड एकाच टेबलाभोवती बसून तडजोड करताना दिसतात. वारसाहक्काचा पैसा मागायला गेलेल्या त्या साथीदाराला मारहाण करणारा त्याचा नातेवाईकच पोलिसात आहे. जेथे सत्ताच घासाघीस करते, तेथे गाओची लबाडी राज्यकारभाराचीच किरकोळ विक्री ठरते.

भाषेचेही तसेच आहे. पात्रे होक्किएन आणि मँडरीन ह्यांच्यामध्ये ये-जा करतात. लष्करी कायद्याच्या काळात शाळेत होक्किएन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. आता तीच भाषा मैत्रीची आणि सौद्याचीही झाली आहे. अनुवादित उपशीर्षकांत हा भेद सपाट होतो. परक्या प्रेक्षकाचे हे मोठेच नुकसान होय.

साथीदाराची भूमिका करणारे लिम ग्योंग हे होक्किएन गीतांचे लोकप्रिय गायक; चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. १९९० साली आगगाडीने तैपेईला निघालेल्या आशावादी तरुणाचे त्यांचे गीत गाजले होते. हा चित्रपटही आगगाडीतच सुरू होतो. परंतु आता तोच गायक राजधानीकडे पाठ करून निघालेला आहे, आणि गाओच्या हातातील फोनचा संपर्क पुनःपुन्हा तुटतो. गाडी, मोटार, मोटारसायकल ह्यांनी चित्रपट भरला आहे. डोंगरी रस्त्यावरून मोटारसायकली दीर्घकाळ चढत राहतात, त्या दृश्यात वाऱ्याचा आणि गतीचा निखळ आनंद आहे. हा आनंद खोटा नाही. फक्त त्याला मुक्काम नाही. मूळ चिनी शीर्षकात ‘दक्षिण देश’ हा शब्द दोनदा येतो, मध्ये निरोप. निरोप घेतल्यावरही ओठांवर तेच नाव उरते.

अखेरीस पोलिसांच्या तावडीतून सुटलेले दोघे अंधारात, शेतात फेकलेली मोटारीची किल्ली शोधतात. ती सापडते, मोटार सुरू होते, आणि पहाटेच्या फिकट उजेडात रस्ता सोडून शेतात रुतते. साथीदार गाओला हाका मारतो. गाओचे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. निकालाची अपेक्षा धरून बसलेल्याला हा शेवट अपुरा वाटेल. ज्याने ह्या माणसांबरोबर दोन तास वाट पाहिली, त्याला मात्र ती हाक पुरेशी आहे; कारण आयुष्यभर धावलेल्या माणसाच्या वाट्याला अखेर तेवढीच आली.