दफ्तर हलविताना

खरीप पीकविम्याची मुदत सरत आलेली, जुलैअखेरच्या भुरभुर पावसात सातबाऱ्याचा उतारा, पासबुक आणि आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले शेतकरी सेवा केंद्राच्या ओट्यावर रांगेने बसलेले, आणि आत टेबलावरचा सात-आठ वर्षांचा लॅपटॉप मात्र बटण दाबून पाव तास उलटला तरी कामास सिद्ध होत नाही, असा प्रसंग बीड जिल्ह्यातील एखाद्या गावात ज्याने पाहिला असेल, त्याला एका यंत्राच्या मंदगतीची किंमत किती जणांना मोजावी लागते हे निराळे सांगावयास नको. २०२० च्या खरिपात येथे सुरू झालेली विम्याची पद्धत ‘बीड पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखली गेली. त्या पद्धतीचा व्यवहार अखेर अशाच यंत्रांवरून चालतो.

अशा वेळी नव्या लॅपटॉपची तजवीज करण्यापूर्वी जुन्यातील एकच भाग, म्हणजे हार्ड डिस्क, बदलून तिच्या जागी एसएसडी बसवून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. इंटरनेट जोडलेले नसतानाही विंडोज सुरू होण्यास विलंब लागत असेल, मेमरी अगदीच तोकडी नसेल, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा सारखा शंभर टक्क्यांवर खिळलेला दिसत असेल, तर दोष बहुधा तेथेच असतो.

हार्ड डिस्क हा लॅपटॉपचा दफ्तरखाना. साहेबांनी कागद मागावा, शिपायाने मागच्या खोलीत जाऊन नेमका रुमाल हुडकावा, गाठ सोडून कागद काढावा आणि पुन्हा दुसऱ्यासाठी फिरावे, तसा हा व्यवहार आहे. आत ग्रामोफोनसारखी एक तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत असते आणि तिला स्पर्श न करता, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावरून, एक भुजा तिच्यावरील चुंबकीय नोंदी वाचीत असते. एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. भुजा सरकण्यास जवळजवळ तितकाच वेळ निराळा. म्हणून कितीही घाई केली तरी सेकंदाला शंभर ठिकाणेही धुंडाळून होत नाहीत, आणि विंडोज सुरू होताना तर हजारो लहानसहान फायली वाचावयाच्या असतात. एसएसडीमध्ये फिरणारे असे काहीच नाही. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश मेमरीच्या चिपांत विद्युत्भाराच्या रूपाने नोंदी राहतात आणि कोणतीही नोंद जवळजवळ तत्क्षणी हाती येते. हादऱ्याचे भयही उरत नाही. आणि बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत प्रवासी रेल्वेगाडीच आली नव्हती, एसटीच्या फळीवर आदळतच सामान येई-जाई, हे ध्यानी घेता हा लाभ येथे लहान नव्हे.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या मिळून जेमतेम ५० लाख अक्षरांचा मजकूर मावे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बीडसह मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्या मुलखाचे जुने दफ्तर उर्दूत आणि मोडीत होते, आणि २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा एखाद्या जीर्ण पानावरील एका शब्दावर किती घरांचे भवितव्य अवलंबून असते हे सर्वांना दिसले. म्हणून डिस्क बदलणे हे दफ्तर हलविण्याचेच काम समजावे: अस्सल हाती असतानाच नक्कल करावी, नकलेची रुजुवात घ्यावी, आणि त्यानंतरच अस्सल जागेवरून काढावे.

खरेदीपूर्वी लॅपटॉपचा मागचा पत्रा उघडून जागा पाहावी. जुन्या यंत्रांत बहुधा अडीच इंची साटा डिस्क असते; नव्यांत २२ मिलिमीटर रुंदीची एम-टू पट्टी, आणि तिच्यातही साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार, जे दिसण्यात सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. पाचशे जीबीची डिस्क पडद्यावर ४६५ दिसली तर फसवणूक झाली असे मानू नये. तो मोजणीच्या दोन रीतींमधील फरक आहे.

नवी एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये बसवून क्लोनिंगच्या प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवावी. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवावी. भारनियमनाची वेळ टाळावी. नंतर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, बॅटरी सोडवून डिस्क बदलावी; काढलेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडावेत, कारण त्यांची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू भलत्या जागी आवळला तर आतला भाग फुटतो. हात बसलेला नसेल तर कसबी कारागिराकडे जावे, त्यात कमीपणा नाही. मात्र नक्कल आपल्यासमोर करून घ्यावी.

एसएसडी निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. हार्ड डिस्क बहुधा खडखडून इशारा देते; एसएसडी पुष्कळदा एकाएकी मुकी होते आणि तिच्यातील पुसलेली फाईल सहसा परत मिळत नाही. विजेवाचून वर्षानुवर्षे कपाटात ठेवल्यास तिच्यातील विद्युत्भार ओसरू शकतो. त्यामुळे जुनी डिस्क शाबूत असेल तर तिचाच राखीव दफ्तर म्हणून उपयोग करावा.

आणि ती टाकण्याची वेळ आली, तर सेवा केंद्राच्या डिस्कमध्ये साऱ्या गावाचे आधार, उतारे आणि खातेक्रमांक असतात याचे भान ठेवावे. झटपट फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पाने तशीच राहतात. सर्व तबकडीवर नव्याने लिहून ती पुसून घ्यावी, किंवा ड्रिलने तिला आरपार छिद्रे पाडावीत, आणि मगच ती भंगारवाल्याच्या तराजूत पडू द्यावी.