तो मान, ती मान

नाशकात कामदा एकादशीला दोन रथ निघतात, एक रामाचा आणि एक गरुडाचा. दोराला तालमीतले गडी असतात आणि मानाचे बुवा रामाकडे तोंड करून रथापुढे उलट्या पावलांनी चालतात. त्याच नाशकाहून पश्चिमेला निघालं, त्र्यंबक मागं टाकून तोरंगण घाट उतरलं, की मोखाडा लागतं आणि पुढं जव्हार. अंतर सगळं मिळून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पण एवढ्यात जमिनीचा नूर पार पालटतो. गाव म्हणजे चार-दोन टेकाडांवर विखुरलेले पाडे, आणि पाड्याला पाडा जोडणारी वाट म्हणजे कधी शेताचा बांध, कधी ओहोळाचं कोरडं पात्र. रथाचं चाक इथं पहिल्याच चढाला रुतेल. तरी वर्षातून एकदा देव लोकांत येतोच. तो माणसाच्या मानेवर बसून येतो. या येण्याला बोहाडा म्हणतात.

रस्ता नव्हता म्हणून बोहाडा आला, असं मात्र मी म्हणणार नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या पट्ट्यातही तो आहे, आणि सीमेपलीकडे डांगमध्ये भवाडा या नावानं आहे. भोवाडा, भवाडा, बोहाडा ही नावं ऐकली की ‘भोवणे’ हे क्रियापद कानाशी येतं. फिरणं, गरगरणं, गोल घेणं. व्युत्पत्तीचा वाद पंडितांनी घालावा, पण संबळाच्या ठेक्यावर गिरकी घेणारं सोंग एकदा पाहिलं की मला तरी दुसरा अर्थ पटत नाही.

‘सोंग’ हा शब्दही इथं नीट ऐकायला हवा. घाटावर आणि शहरात सोंग म्हणजे ढोंग. सोंग आणलं, सोंग उघडं पडलं. जव्हार-मोखाड्यात तसं नाही. मुखवटा म्हणजे सोंग, तो घालणारा माणूस म्हणजेही सोंग, आणि त्याची फेरी म्हणजेही सोंगच. गणपतीचं सोंग आलं म्हणजे गणपती आला. बाया पुढं होऊन कुंकू लावतात, नारळ ठेवतात, ताटात नाणं टाकतात. आत शेजारचाच माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यानं कुणाचं काही अडत नाही.

बोहाड्याचा काळ ठरलाय तो शेतीच्या आणि पोटाच्या हिशेबानं. भात, नाचणी, वरई निघाली की दिवाळीच्या आगेमागे इथली घरंच्या घरं ठाणे, भिवंडी, वसई, नाशिककडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. होळीला, म्हणजे शिमग्याला, माणूस गावी परततोच. भट्टीवाल्यालाही हे माहीत असतं. शिमग्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राब भाजायचा असतो, घर शाकारायचं असतं, लग्नं उरकायची असतात. त्या फटीत बोहाडा बसतो. प्रत्येक गाव आपापली तिथी धरून असतं, त्यामुळे एका गावचा आटोपला की दुसऱ्या गावचा लागतो, आणि पिपाणीवाले, संबळवाले, जिलेबी-गोडीशेवेची पालं मांडणारे व्यापारी आणि पाळणेवाले त्या क्रमानं पुढं सरकत राहतात.

उत्सव देवीचा, जगदंबेचा. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा सगळ्यांचा तो आहे, आणि तालुक्याच्या गावी दुकानदार, शिंपी, सुतार यांचाही. पुष्कळ ठिकाणी पहिल्या रात्रीला थाप म्हणतात, मग लहान बोहाडा आणि मग मोठा बोहाडा. रात्रींची संख्या गावागणिक बदलते. रचना मात्र साधी असते: एका टोकाला सोंगं सजवायची जागा, दुसऱ्या टोकाला देवीचं ठाणं आणि मधला रस्ता हाच रंगमंच. पडदा नाही, संवाद जवळपास नाहीत. दोन्ही बाजूंना पोरंबाळं घेऊन घोंगड्या-चादरींवर लोक बसलेले. सोंग एका टोकाकडून निघतं, पुढं दिवटी किंवा टेंभा, मागं संबळ आणि पिपाणी, आणि चार पावलं पुढं, दोन मागं, एक गिरकी असं करत ते ठाण्यापाशी पोचतं. तितक्यात दुसरं तयार.

पहिला मान गणपतीचा. मग सरस्वती. ती मोरावर येते, म्हणजे नाचणाऱ्याच्या कमरेला मोराचा सांगाडा बांधलेला असतो आणि पिसारा मागं हलत असतो. वाहन आणि स्वार, दोघांचे पाय तेच. रथोत्सवात देवाला बसायला आसन, आसनाखाली गाडा, गाड्याखाली चाक, चाकापुढं दोर आणि दोराला माणसं असतात. इथं हे सगळं एकाच देहात आवळून बांधलेलं. पुढं मारुती येतो, राम-लक्ष्मण येतात, त्राटिका, शूर्पणखा, नरसिंह, हिरण्यकश्यपू, भीम, बकासुर, खंडेराव, वेताळ. रामायण, महाभारत आणि पुराणं आली आहेत, पण पोथीच्या क्रमानं नव्हे. आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून रानातले, शिवेवरचे देवही चालतात. कुणी कुणाला वेशीबाहेर थांबवत नाही.

जाणता प्रेक्षक सोंग ओळखतो ते चेहरा दिसण्याआधी, वाजपावरून. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी. गणपतीला संथ, राक्षसाला दणदणीत. संबळाच्या दोन भांड्यांपैकी एक बारीक बोलतं, दुसरं भरड. वाकड्या टोकाची काठी त्यावर पडते आणि ठेका बदलला की अंधारात बसलेली म्हातारी माणसं नातवाला आधीच सांगून मोकळी होतात, कोण येतंय ते. वाजवणारा चुकला तर नाचणाऱ्याचा पाय अडखळतो, कारण मुखवट्याच्या आत त्याला दिसत थोडं आणि ऐकू येतं जास्त.

ही आतली गोष्ट मुखवट्याच्या बांधणीत आहे. रंगवलेले डोळे बघणाऱ्यांसाठी असतात, मोठे, वटारलेले. आतल्या माणसाला बघायची फट निराळी, बुबुळाच्या कडेला किंवा त्याखाली, बोटभर. त्या फटीतून समोरच्या टेंभ्याचा जाळ आणि आपल्याच पायापुढची हातभर जमीन, एवढंच दिसतं. म्हणून सोंगाच्या जवळ एक-दोन माणसं सोबत चालतात. ती मुखवटा सावरतात, वळायची जागा दाखवतात, गर्दी मागं सारतात. रथाला उतारावर आवरायला चाकाखाली लाकडाची उटी सारतात ना, तशी ही माणसं. नाव त्यांचं कधी कुठं येत नाही.

जुने मुखवटे लाकडी. त्यासाठी सागवान कामाचं नाही. ते टिकाऊ, पण वजनाला भारी. कोरायला मऊ आणि वाळल्यावर हलकं असं लाकूड लागतं: पांगारा, सावर, उंबर. ओंडका बाहेरून कोरण्यापेक्षा आतून पोखरणं अवघड, कारण भिंत जाड राहिली तर मान मोडेल, पातळ झाली तर पहिल्याच उन्हाळ्यात चीर जाईल. लाकूडही आता जंगलातून सहज मिळत नाही.

म्हणून कागदाचा लगदा आला. जव्हार तालुक्यातलं रामखिंड हे गाव या कागदी मुखवट्यांसाठी ओळखलं जातं. रद्दी भिजत घालायची, कुजू लागेपर्यंत मऊ होऊ द्यायची, कुटायची, डिंक किंवा खळ घालायची. काही कारागीर कीड लागू नये म्हणून मेथीची पूड मिसळतात. मातीच्या साच्यावर लगद्याचे थर चढवायचे आणि वाळवायचं. इथं घाई चालत नाही: एकदम कडक उन्हात ठेवलं तर चेहरा आखडतो आणि मारुतीचा वेताळ होतो. वाळला की साचा काढायचा, पांढरा हात द्यायचा, मग रंग. गणपती शेंदरी, राक्षस काळे-निळे-हिरवे. कान, मुकुट आणि जिभा वेगळ्या करून जोडायच्या. इंग्रजी वर्तमानपत्राचा कागद चिवट असतो म्हणून त्याला मागणी. रावणाच्या टाळूच्या आतल्या बाजूला कधी शेअर बाजाराचे भाव वाचायला मिळाले तर नवल नको.

कलेचे अभ्यासक या बदलावर हळहळतात. लाकडातली ती धार लगद्यात येत नाही, हे खरंच आहे. पण मला कागदाची बाजू घ्यावीशी वाटते. हलका मुखवटा आला आणि उतारवयाचा माणूसही आपलं सोंग आणखी काही वर्षं नाचवू शकला. शिवाय रामखिंडसारख्या गावांना बोहाड्याबाहेरचं गिऱ्हाईक मिळालं. शहरातली प्रदर्शनं, हॉटेलांच्या भिंती, घरांचे दिवाणखाने. भिंतीवर टांगलेलं सोंग हे सोंग नव्हेच, हे बनवणाऱ्यालाही कळतं; तो विकायचे वेगळे बनवतो, नाचायचे वेगळे.

आता मानाचं. मराठीत ‘तो मान’ आणि ‘ती मान’ यांत एका लिंगाचा फरक आहे, आणि बोहाडा त्या फरकात उभा आहे. पुष्कळ गावांत ठरावीक सोंगं ठरावीक घराण्यांकडे असतात. आज्यानं नरसिंह नाचवला, बापानं नाचवला, आता तू. काही सोंगं नवसाची, पोर झालं किंवा दुखणं हटलं तर अमुक वर्षं सोंग काढीन अशी. त्या दिवशी उपास, अनवाणी पाय, मुखवट्याची पूजा आणि मगच तो डोक्यावर. कपाळाला, हनुवटीला फडकी गुंडाळून दोरीनं मागं आवळतात. तो मान ज्याचा, त्याची ती मान तासाभरात भरून येते. वजन दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून मान आपल्याकडे ठेवायची सोय इथं नाही, आणि मला बोहाड्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

कारण रथाच्या दोराचा इतिहास वेगळा आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. त्यानंतर ९ एप्रिलला रथ निघायचा होता. स्पृश्य आणि अस्पृश्य, दोन्हीकडच्या धडधाकट गड्यांनी मिळून रथ ओढायचा असा समझोता झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः हजर होते. ऐनवेळी समझोता मोडून रथ पळवण्यात आला, दगड उडाले, माणसं जखमी झाली. सत्याग्रह १९३५ पर्यंत चालत राहिला. देवाच्या गाडीचा दोर कुणी धरायचा यावर एवढं झालं. डोंगरात सगळं आलबेल होतं असा याचा अर्थ नव्हे. मान कुणाचा यावरून इथंही रुसवे आहेत, भाऊबंदकी आहे, पुढारी आले की त्यांची आगाऊ खुर्चीही आहे. पण दर्शन घ्यायला देवळाचा उंबरा लागत नाही. देवच रस्त्यावर असतो, घामानं निथळत.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, अशी म्हण आहे. ज्या तालुक्यांत खरोखरीची सोंगं निघतात तिथं ती जास्तच बोचते. बाहेरच्या महाराष्ट्राला जव्हार-मोखाडा कळलं ते १९९२ च्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे. तेव्हापासून बातमी आली की बहुधा कुपोषणाची. मोखाड्याच्या हद्दीतल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि बोहाड्याच्या महिन्यांत इथल्या कितीतरी पाड्यांवर बाया झऱ्याशी रात्र काढतात. त्यातून वर्गणी निघते. बिदागी, दिवाबत्ती, रंग, नव्या साड्या, सगळ्याला पैसा लागतो, आणि कुठून तरी जमतो.

उजेड बदलला त्यानं सगळ्यात मोठा फरक पडला. टेंभ्याचा जाळ हलतो, म्हणून मुखवट्यावरच्या सावल्या हलतात. लाकडाचा राक्षस डोळे फिरवतो, ओठ मुडपतो. पेट्रोमॅक्सच्या उजेडानं निम्मी जादू नेली, हॅलोजननं उरलेली. आता जनरेटरवरच्या पांढऱ्या झगझगाटात प्रत्येक भेग, प्रत्येक ब्रशचा फटकारा दिसतो आणि चेहरा गप्प राहतो. जिथं अजून सोंगापुढं टेंभा धरतात, तिथं मी दिव्यांपासून लांबची जागा पकडतो. ध्वनिक्षेपकाचं काय बोलावं! पिपाणीच्या तोंडाशी माइक धरला की ती पिपाणी राहत नाही, भोंगा होते.

शेवटच्या रात्री झोपायचं नसतं. रावण येतो तेव्हा रस्ता पुरत नाही: मधल्या तोंडाच्या दोन्ही अंगांना उरलेली तोंडं, म्हणून तो वळतो तेही सावकाश, माळावर एखादी बैलगाडी वळवावी तसा. पोरं त्याच्या अंगावर जातात आणि किंचाळत माघारी पळतात. त्यालाही लोक हात जोडतात. पहाट फुटायच्या सुमाराला म्हैषासुर आणि देवी समोरासमोर येतात. एरवी एकटी-दुकटी चालणारी सोंगं पाहून जडावलेले डोळे उघडतात, आडवी झालेली माणसं उठून बसतात. तो चालून जातो, ती मागं सरते, ती चालून जाते, तो मागं सरतो, संबळ पिसाटतो. उन्हं वर आलेली असतात आणि टेंभ्याला आता काही काम उरलेलं नसतं. म्हैषासुर पडतो. मग देवीच्या पाया पडायला रीघ लागते, तान्ही पोरं पुढं केली जातात, आणि म्हैषासुर बाजूला बसून मुखवट्याची गाठ सोडायला कुणाला तरी हाक मारतो. घट्ट आवळलेली ती गाठ त्याच्या एकट्याच्यानं सुटत नाही.

दुपारपर्यंत पाळणे उतरतात. एसटीच्या थांब्यावर पिशव्या घेतलेली माणसं उभी असतात, कुणी जव्हारकडे, कुणी खोडाळ्याकडे, कुणी परत भट्टीवर. सोंगं ज्याच्या त्याच्या घरी जातात, माळ्यावर, बियाण्याच्या शेजारी, धूर लागेल अशा जागी, म्हणजे कीड लागत नाही. त्यात रावणाची पंचाईत होते. कुडाच्या घराचं दार बुटकं आणि अरुंद. इतकी तोंडं सरळ आत शिरत नाहीत. घरातले दोघं आत, दोघं बाहेर उभे राहतात आणि आधी एक बाजू, मग कान, मग दुसरी बाजू असं तिरकं करत त्याला घरात घेतात.