मधुमेहजन्य मूत्रपिंडविकार : जनुकीय भिन्नता आणि ऑक्सिडीकारक ताण

मधुमेह जडलेल्या सर्वांचीच मूत्रपिंडे निकामी होत नाहीत. साधारणपणे दहापैकी तीन-चार रुग्णांना हा विकार गाठतो. उरलेल्यांपैकी अनेकांची रक्तशर्करा वर्षानुवर्षे तितकीच वाढलेली असूनही त्यांची मूत्रपिंडे शाबूत राहतात. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेही भावंडांची तुलना करण्यात आली. एका भावंडाला मूत्रपिंडविकार असल्यास दुसऱ्यातही त्याची चिन्हे ८३ टक्के, तर तो नसल्यास केवळ १७ टक्के आढळली. अभ्यासातील संख्या लहान होती हे खरे; तथापि आनुवंशिकतेचा विचार टाळता येणार नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

मूत्रपिंडाच्या गाळणीतील पेशींना रक्तातील वाढीव ग्लुकोज आत येण्यापासून अडवता येत नाही. आत शिरलेल्या जादा ग्लुकोजचे ज्वलन होताना तंतुकणिकांमधील इलेक्ट्रॉनांची वहनसाखळी जणू तुंबते; निसटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळून सुपरऑक्साइड हा मुक्त मूलक निर्माण होतो. मधुमेहातील निरनिराळ्या हानिमार्गांचे मूळ या मूलकात आहे, अशी मांडणी मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये केली. २०१३ मध्ये मधुमेही उंदरांच्या मूत्रपिंडात सुपरऑक्साइड उलट कमी आढळल्याने ही मांडणी सर्वस्वी मान्य राहिलेली नाही. पेशीतील एनएडीपीएच ऑक्सिडेज हा विकरही मूलकांचा मोठा स्रोत आहे. गाळणीचा पडदा जाड होतो, पोडोसाइट पेशी गळतात आणि अल्ब्युमिन लघवीत उतरू लागते.

या मूलकांना निष्प्रभ करणारे विकर सर्वांमध्ये सारख्याच क्षमतेचे नसतात. तंतुकणिकांतील सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराच्या सोळाव्या स्थानी काहींमध्ये अॅलॅनिन, तर काहींमध्ये व्हॅलिन असते. व्हॅलिन असलेले रूप तंतुकणिकेत कमी प्रमाणात पोहोचते आणि काही अभ्यासांत त्याचा मूत्रपिंडविकाराशी संबंध दिसला आहे. ग्लुटाथायोन ट्रान्सफरेजची दोन जनुके तर अनेक निरोगी व्यक्तींमध्ये मुळातच नसतात. मात्र असे संबंध एका लोकसमूहात दिसतात आणि दुसऱ्यात विरतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टाइप १ मधुमेहावरील विस्तृत जनुकसंच-अभ्यासात सर्वांत ठळक ठरले ते कोलॅजनचे जनुक, म्हणजे गाळणीच्या पडद्याचीच घडण. प्रतिऑक्सिडीकारक विकर नव्हेत.

महाराष्ट्रापुरते पाहता, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांनी २००७ मध्ये टीसीएफ७एल२ या जनुकाच्या भेदांचा भारतीयांतील टाइप २ मधुमेहाशी दृढ संबंध दाखवून दिला. परंतु मधुमेह कोणाला होईल आणि त्यात मूत्रपिंड कोणाचे जाईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ताण हेच कारण, तर प्रतिऑक्सिडीकारक औषध द्यावे, हा तर्क आकर्षक असला तरी व्यवहारात टिकला नाही. जीवनसत्त्व ई निष्फळ ठरले. पेशींची स्वतःची संरक्षक जनुके जागवणाऱ्या बार्डोक्सोलोनची मोठी चाचणी हृदयनिकामीपणाच्या घटनांमुळे २०१२ मध्ये थांबवावी लागली.

अहिल्यानगरजवळच्या नागापूर औद्योगिक वसाहतीतील पाळीत काम करणाऱ्या मधुमेही कामगाराला म्हणूनच आज महागड्या जनुकचाचणीचा फारसा उपयोग नाही. लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर प्रतिग्रॅम ३० मिलिग्रॅमच्या वर गेले, की इजा सुरू झाल्याची शंका घेऊन काही महिन्यांत तपासणी पुन्हा करावी लागते. त्या टप्प्यावर पायांना सूज नसते, वेदनाही नसते. मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावणारे डापाग्लिफ्लोझिन २०२० पासून भारतात जेनेरिक स्वरूपात स्वस्त झाले आहे. पण लघवी तपासलीच नाही, तर ते सुरू करण्याची वेळ कळत नाही.